आमच्या मोहल्ल्यातला मारिओ : एका नकली यंत्राचा खरा इतिहास

निन्टेंडो या जपानी कंपनीच्या हिशोबात एक आकडा आहे : ६ कोटी १९ लाख. १९८३ साली जपानमध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ ऊर्फ फॅमिकॉम या नावाने आणि १९८५ पासून अमेरिकेत व इतर देशांत ‘निन्टेंडो एन्टरटेन्मेंट सिस्टिम’ या नावाने त्यांनी जे घरगुती व्हिडिओ गेमचं यंत्र विकलं, त्याचे हे एकूण नग. व्हिडिओ गेमच्या इतिहासावर काहीही वाचायला घ्या, हा आकडा पहिल्या दोन पानांत भेटतो.

या ६ कोटी १९ लाखांमध्ये माझ्या पाहण्यातलं जळगावचं किंवा धुळ्याचं एकही घर नाही. आणि तरीही १९९० ते २००५ या काळात लहान असलेला खानदेशातला जवळजवळ कुणीही माणूस थांबवा, त्याला मारिओ ठाऊक असतो. ‘कॉन्ट्रा’ म्हटलं की त्याचे अंगठे आपोआप हलू लागतात. मग हे सगळे कुठे खेळले? उत्तर सोपं आहे. ते नकली यंत्रावर खेळले. आमच्याकडे जे आलं ते फॅमिकॉमची हुबेहूब नक्कल होतं आणि नकलेची नोंद कुठल्याच कंपनीच्या वहीत होत नाही.

नोंद नाही म्हणून ते घडलंच नाही असं होत नाही. शिवाय आमच्या बाबतीत या नोंद नसण्याला आणखी एक बाजू आहे. खानदेशातल्या मुसलमानांचा लिहिलेला इतिहास पाहा. त्यात मे १९७० ची जळगावची दंगल आहे, तिची चौकशी करणारा न्यायमूर्ती मादन आयोग आहे, ऑक्टोबर २००८ ची धुळ्याची दंगल आहे, ६ जानेवारी २०१३ चा धुळ्याचा पोलीस गोळीबार आहे. एका दंगलीपासून दुसऱ्या दंगलीपर्यंतची वर्षं मात्र कोरी पानं. जणू त्या वर्षांत आम्ही जगतच नव्हतो, पुढच्या दंगलीची वाट पाहत बसलो होतो. या कोऱ्या पानांवर बरंच काही लिहायला हवं आहे. त्यातलं एक पान या खेळण्याचं.

पत्त्यांच्या कारखान्यातून

निन्टेंडोची स्थापना १८८९ ची, क्योटो शहरातली. फुसाजिरो यामाउची हे संस्थापक. कंपनी तेव्हा ‘हानाफुदा’ नावाचे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते बनवायची. हे पत्ते जुगारी लोक मोठ्या प्रमाणात वापरत. आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग व्हिडिओ गेमला ‘हा एक प्रकारचा जुगारच आहे’ म्हणायचे, तेव्हा आम्ही तोंड फिरवून हसायचो. कंपनीचं मूळ पाहिलं तर ते अगदीच हवेत बोलत नव्हते!

संस्थापकांचे पणतू हिरोशी यामाउची यांच्या काळात कंपनी खेळण्यांकडे आणि मग इलेक्ट्रॉनिक खेळांकडे वळली. त्यांनी मासायुकी उएमुरा या अभियंत्यावर काम सोपवलं : कॅसेट बदलून वेगवेगळे खेळ खेळता येतील, घरच्या टीव्हीला जोडता येईल आणि सामान्य कुटुंबाला परवडेल असं यंत्र बनवा. १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम बाजारात आलं. किंमत १४,८०० येन. एकाच यंत्राला दोन रिमोट जोडलेलेच. (त्याला ‘कंट्रोलर’ म्हणतात हे मला फार पुढे कळलं. आमच्याकडे तो रिमोटच, आणि कार्ट्रिजला कॅसेट.) हे दोन रिमोट लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

रिमोटवरचं ते अधिकच्या चिन्हासारखं बटण गुनपेई योकोई यांचं. त्यांनी ते आधी १९८२ च्या ‘डॉंकी काँग’ या हातात धरून खेळायच्या छोट्या गेमसाठी बनवलं होतं. हे योकोई निन्टेंडोत लागले तेव्हा त्यांचं काम होतं पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल. म्हणजे सरळ भाषेत, मेकॅनिक. पुढे त्यांचं एक सूत्र प्रसिद्ध झालं : जुनं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि ते नव्या रीतीने वापरायचं. जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही टीव्ही मेकॅनिकला हे सूत्र शिकवावं लागलं नसतं. त्याचं पोट त्यावरच चालत होतं.

नक्कल कशी शक्य झाली

अमेरिकेत विकलेल्या यंत्रात निन्टेंडोने एक कुलपाची चिप बसवली होती. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर यंत्र चालायचं नाही. जपानी फॅमिकॉममध्ये मात्र हे कुलूप नव्हतं. त्यामुळे नक्कल करणाऱ्यांनी अमेरिकी यंत्राला हात न लावता जपानी यंत्र उचललं. जपानी कॅसेटला ६० पिना, अमेरिकी कॅसेटला ७२. आमच्या पिवळ्या, काळ्या, निळ्या कॅसेट ६० पिनांच्या होत्या त्या याच कारणाने. अमेरिकेतली मुलं जे वापरत होती त्यापेक्षा आमचं यंत्र जपानी मुलांच्या यंत्राचं जास्त जवळचं नातेवाईक होतं.

तैवानमध्ये यूएमसीसारख्या कंपन्यांनी फॅमिकॉमच्या चिपांच्या प्रती बनवल्या. त्या प्रतींवर जगभर यंत्रं उभी राहिली. रशियात १९९२ पासून ‘डेंडी’, पोलंडमध्ये ‘पेगासस’, चीनमध्ये ‘सुबोर’. भारतात ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशी नावं डब्यांवर दिसू लागली. सरळ वाटेनेही प्रयत्न झाले. ‘सामुराई’ नावाने निन्टेंडोचं यंत्र भारतात विकलं गेलं. सेगाची यंत्रं १९९० च्या दशकाच्या मध्यात शॉ वॉलेस या दारूच्या कंपनीने आणली. पण आयात शुल्क जबर, किंमत डोळे पांढरे करणारी. ती यंत्रं मुंबई-पुण्याच्या श्रीमंत घरांत गेली. खानदेशापर्यंत पोचली ती नक्कल.

आता ‘नक्कल’ शब्द आला की नाक मुरडणारे असतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. फॅमिकॉमच्या मुख्य चिपचा गाभा निन्टेंडोचा नव्हता आणि ती बनवणाऱ्या रिको कंपनीचाही नव्हता. तो होता अमेरिकेच्या एमओएस टेक्नॉलॉजी कंपनीच्या ६५०२ या चिपचा. रिकोने त्यातली दशमान आकडेमोड करणारी एक सोय तेवढी बंद केली होती. पेटंटची अडचण टाळायला हे केलं असं मानलं जातं. म्हणजे ज्याची आम्ही नक्कल वापरली, त्या अस्सलाच्या पोटातही कुणाची तरी उसनवारी होतीच. तंत्रज्ञानाचा इतिहास हा बराचसा उसनवारीचा इतिहास आहे. मोठ्यांची उसनवारी ‘विकास’ ठरते आणि गल्लीतली ‘चोरी’. कायद्याने चोरी ती चोरीच, त्यावर माझं दुमत नाही. पण दुकानात अस्सल वस्तू ठेवायचीच नाही आणि मग नकलीबद्दल गिऱ्हाइकाला बोल लावायचा, हा न्याय मला समजत नाही.

खानदेशात

आमचं घर जळगावला, आजोळ धुळ्याला. मुंबईहून माल यायच्या दोन वाटा मी त्यामुळे लहानपणीच पाहिल्या. जळगावला रेल्वेची मुख्य लाईन. धुळ्याला मुंबई-आग्रा महामार्ग. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट ही इलेक्ट्रॉनिक मालाची ठाणी. तिथून खोकी निघायची आणि फुले मार्केटच्या गाळ्यांत किंवा आग्रा रोडच्या दुकानांत उतरायची. घड्याळं, कॅलक्युलेटर, टेपरेकॉर्डर आणि त्यांच्या शेजारी व्हिडिओ गेम. खोक्यावर एक चित्र, आत दुसरंच यंत्र. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असा दावा, आत मोजून दहा-पंधरा खेळ. तेच खेळ नावं बदलून आणि मधल्या राऊंडपासून सुरू करून पुन्हा पुन्हा यादीत टाकलेले. आम्हाला ही फसवणूक पहिल्याच दिवशी कळली होती. तरी आम्ही यादीच्या शेवटच्या पानापर्यंत जायचो. नऊ हजार नऊशे नव्याण्णवाव्या नंबरावर काहीतरी वेगळं असेल, ही आशा सुटत नव्हती.

यंत्र सगळ्यांना परवडणारं नव्हतं. त्यामुळे आधी आली ती भाड्याची दुकानं. एका खोलीत तीन-चार टीव्ही, बाकडी आणि भिंतीवर घड्याळ. आमच्या भागात अर्ध्या तासाला दोन रुपये पडायचे. ईदच्या दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची, कारण खिशात ईदी असायची. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा तीच गर्दी. काही दुकानं यंत्रच दिवसाच्या भाड्याने घरी द्यायची. चार घरची मुलं पैसे जमवून एक दिवसासाठी यंत्र आणायची. त्या दिवशी नेमकी वीज गेली तर घरात सुतक पडल्यासारखं वाटायचं.

यंत्र जोडणं हाही एक सोहळा होता. अँटेनाची वायर काढायची, गेमची लावायची. मग टीव्हीच्या पुढच्या झाकणाआडच्या छोट्या चकत्या फिरवत मुंग्यांतून चित्र शोधायचं. कॅसेट चालली नाही की फुंकर. जगभरच्या मुलांनी एकमेकांना न सांगता हाच उपाय शोधला होता, आणि निन्टेंडोने पुढे ‘फुंकू नका’ असा सल्ला दिला. फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात. मुळात फायदा फुंकरीचा नव्हताच. कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने पिना नीट टेकायच्या, एवढंच. आमचे मेकॅनिक पिनांवर खोडरबर फिरवायचे. तो उपाय जास्त शहाणपणाचा होता.

भाषेचं तर विचारूच नका. घरात आमची दखनी वळणाची उर्दू, शाळेत मराठी, गल्लीत अहिराणी आणि पडद्यावर इंग्रजी किंवा जपानी. एकाच खोलीत ‘अब मेरा नंबर’, ‘आते मना नंबर शे’ आणि ‘आता माझी बारी’ ही तिन्ही वाक्यं मी एकाच रिमोटसाठी ऐकली आहेत. ‘स्टार्ट’, ‘सिलेक्ट’, ‘पॉज’, ‘गेम ओव्हर’ हे शब्द आमच्यातल्या कित्येकांनी इंग्रजीच्या पुस्तकाआधी पडद्यावर वाचले. काही यंत्रं कीबोर्डसकट यायची. त्यांत टायपिंगचे खेळ आणि बेसिक ही संगणकाची भाषा असायची. ‘अब्बा, हे कॉम्प्युटर आहे’ असं सांगून ती घरात शिरली. वर्षभराच्या सबबी एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे!

चाळीस केबीत मावलेलं जग

१३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला. शिगेरू मियामोतो यांची रचना, कोजी कोंडो यांचं संगीत. आठ दुनिया, प्रत्येकीत चार टप्पे, गुप्त पाईप, ढगांवरची नाणी. हा सगळा पसारा ४० केबीत होता. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा ‘सुप्रभात’चा एक फोटो याहून मोठा असतो. यंत्राची काम करण्याची स्मृती होती फक्त २ केबी.

एवढ्याशा जागेत संसार थाटायचा म्हणजे काटकसर आली. मारिओतले ढग आणि जमिनीवरची झुडपं हे एकच चित्र आहे, ढगाला पांढरा रंग आणि झुडपाला हिरवा. अम्मी मोठ्या भावाचा कुर्ता उसवून लहान्याला शिवायची, त्यातलाच हा प्रकार. टंचाईत वाढलेल्या माणसाला हे कौशल्य लगेच ओळखू येतं.

‘डक हंट’मधली बंदूक हे तर आमच्यासाठी गूढच होतं. काचेवर गोळी लागत नाही, मग बदक पडतं कसं? काम असं चालायचं : घोडा दाबला की पडदा क्षणभर पूर्ण काळा व्हायचा आणि पुढच्याच क्षणी जिथे बदक असेल तिथे पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा भाग होता. आधी अंधार आणि मग लगेच उजेड दिसला तर नेम बरोबर. म्हणजे बंदुकीतून काहीच सुटत नव्हतं. टीव्ही प्रकाश पाठवत होता आणि बंदूक तो पाहत होती. हे सगळं जुन्या काचेच्या जाड टीव्हीच्या ठरावीक वेगावर बेतलेलं होतं. म्हणून ती बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही. टीव्ही गेला आणि त्याच्यासोबत एक पूर्ण खेळ गेला.

आणि ‘कॉन्ट्रा’चे ३० लाईफ! वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. हा क्रम कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ‘ग्रॅडियस’साठी घातला होता, खेळ तपासताना स्वतःलाच तो फार अवघड जात होता म्हणून. फेब्रुवारी २०२० मध्ये ते वारले. त्यांचा हा क्रम इंटरनेटशिवाय, फोनशिवाय, कुणीही न छापता मेहरूणपासून देवपूरपर्यंत कसा पोचला, हा विचार केला की मला आजही नवल वाटतं. मावसभाऊ, वर्गमित्र, लग्नाला आलेले पाहुणे, चाळीसगाव-धुळे पॅसेंजरमध्ये भेटलेला कुणी मुलगा, अशी ही तोंडी परंपरा.

मेकॅनिकांची शाळा

या यंत्राने खेळाडू घडवले तसे कारागीरही घडवले. आपल्या समाजात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं काम करणारे पुष्कळ. दहावी झाली किंवा राहिली की मुलाला कुठल्यातरी उस्तादाच्या हाताखाली बसवायचं, ही रीत. टीव्ही उघडायला नव्या पोराला कुणी देत नसे, कारण टीव्ही महाग आणि आतला विजेचा दाब जीवघेणा. व्हिडिओ गेम मात्र देत. नऊ व्होल्टचं खेळणं, बिघडून बिघडून काय बिघडणार? रिमोटची तुटलेली वायर जोडणं, बटणाखालचा रबर बदलणं, अडॅप्टर तपासणं यावर कित्येकांचा हात बसला.

सुरुवातीच्या नकली यंत्रांत चिपा वेगवेगळ्या असत. एक खराब झाली तर दुसऱ्या यंत्रातली काढून बसवता यायची. पुढे उत्पादन स्वस्त करताना सगळ्या चिपा एकाच तुकड्यात आल्या आणि त्यावर काळ्या रसायनाचा गोल थेंब. तो थेंब बिघडला की यंत्र कचऱ्यात. त्या काळ्या थेंबाबद्दल एका उस्तादांचं वाक्य माझ्या कानात आहे : ‘इसके आगे हमारी नहीं चलती.’ वस्तू दुरुस्त करून वापरायचं युग संपून फेकून द्यायचं युग आलं, ते आमच्याकडे त्या थेंबाच्या रूपाने आलं. यांतले बरेच हात पुढे मोबाईलकडे वळले. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये आज मोबाईल दुरुस्त करणाऱ्या चाळिशीच्या माणसाला विचारून पाहा, पहिली झाळणी कशावर केली होती.

बहिणींचा इतिहास

व्हिडिओ गेमचा इतिहास मुलांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. भाड्याच्या दुकानांपुरतं ते खरं आहे. तिथे मी एकही मुलगी पाहिली नाही. आमच्या मोहल्ल्यातली तर सोडाच, बाहेरचीही नाही. पण घरी यंत्र आलं आणि हे बदललं. ‘घरगुती’ या शब्दाचा खरा अर्थ इथे होता. बाहेर खेळायला जायची मुभा ज्यांची बाराव्या-तेराव्या वर्षी संपायची, त्या आपा आणि खालाच्या मुली आता खेळत होत्या. भाऊ शाळेत किंवा दुकानात गेले की दुपारची वेळ त्यांची. ‘सर्कस चार्ली’त आमच्या आपाला गल्लीतला एकही मुलगा हरवू शकला नाही. मात्र हे गल्लीला कधी कळलं नाही, कारण ती गल्लीत खेळतच नव्हती. आमचं कौतुक दुकानातल्या बाकड्यांवर झालं, तिचं चार भिंतींच्या बाहेर गेलं नाही. कंपनीच्या आकड्यात आम्ही नाही, तशा आमच्या आठवणींत त्या नाहीत. हा हिशोब आपल्यालाच चुकता करायचा आहे.

विरोध झाला तो वडीलधाऱ्यांचा. टीव्हीच घरात असावा की नसावा यावर तेव्हा वाद होते, त्यात ही भर. नमाजची वेळ टळते, अभ्यास बुडतो, डोळे जातात, पैसे उडतात. यातल्या बऱ्याच तक्रारी शेजारच्या हिंदू घरांतही शब्दशः ऐकू यायच्या, फक्त नमाजच्या जागी शुभंकरोती असायचं. आज माझ्या पिढीचे आईबाप मोबाईलबद्दल हेच बोलतात. बुजुर्गांची काळजी खोटी नव्हती. पण त्यांना एक गोष्ट दिसली नाही, कारण ती तेव्हा इतकी साधी होती की आम्हालाही दिसली नाही.

दोन रिमोट

ती गोष्ट अशी. यंत्राला दोन रिमोट होते. एकट्याने खेळण्यात मजा नव्हती. दुसरा खेळाडू लागायचा आणि तो शेजारून यायचा. ज्याच्याकडे यंत्र, त्याच्या घरी सगळे. आमच्या घरच्या फरशीवर ओळीच्या पलीकडच्या वाड्यातली मुलं बसायची. त्यांच्याकडे यंत्र आलं तेव्हा आम्ही तिथे. काकू सगळ्यांसाठी मुरमुऱ्याचा चिवडा करायच्या. आमच्याकडे आलेल्या मुलांना अम्मी आधी विचारायची, ‘बेटा, तुला चालेल ना?’ आणि त्यांच्यासाठी बिस्किटांचा पुडा वेगळा फोडायची. कुणी कुणाला सहिष्णुतेचे धडे दिले नाहीत. ‘बॅटल सिटी’त दोघांना मिळून एकच गरुड वाचवायचा असतो. तो वाचवताना शेजारी बसलेल्याचं आडनाव आठवत नाही.

याचा अर्थ तेव्हा सगळं गोड होतं असा नाही. १९९२-९३ नंतरची ती वर्षं होती. मोठ्यांच्या बोलण्यात ‘आपले’ आणि ‘ते’ होतंच. कोणत्या गल्लीत संध्याकाळनंतर जायचं नाही हे आम्हाला माहीत होतं. पण ज्या घरात यंत्र होतं, त्या घरात जायला एक कारण होतं. दोन समाजांच्या मुलांना एकमेकांच्या घरात, जोत्यावर नाही तर आतल्या खोलीत, तासन्‌तास बसायला लावणारं दुसरं कोणतं कारण आज आपल्याकडे आहे? लग्नाच्या पंगतीला जाणं आणि आतल्या खोलीत लोळणं यांत फरक आहे.

ऑक्टोबर २००८ मध्ये धुळ्यात दंगल झाली, संचारबंदी लागली. माझ्या मामेभावांकडे कपाटावरचं जुनं यंत्र त्या दिवसांत खाली उतरलं. लहान पोरांना घरात गुंतवायला मामींना दुसरं काही सुचेना. यंत्र तेच, कॅसेट तीच. दुसऱ्या रिमोटवर मात्र घरातलंच पोर होतं, कारण शेजारून कुणी येऊ शकत नव्हतं. ६ जानेवारी २०१३ ला शहर पुन्हा पेटलं आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा मुस्लिम तरुण मारले गेले. तोवर ते यंत्र भंगारात गेलं होतं. पण यंत्राहून आधी शेजार गेला होता. पुष्कळांनी घरं बदलली होती. ज्याचा त्याचा आपापला भाग झाला होता.

यंत्र असतं तर दंगल झाली नसती असला भाबडा दावा मी करणार नाही. दंगली खेळण्यांनी थांबत नसतात, त्यांची कारणं वेगळी असतात. मी एवढंच म्हणतो की त्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या दोन शहरांत हजारो फरशांवर दोन समाजांची मुलं एकत्र बसली होती आणि ही गोष्टही तितकीच घडलेली आहे.

‘कॉन्ट्रा’त एक धबधब्याचा टप्पा आहे. दोघांनी वर चढत जायचं असतं. पण एकजण घाईने पुढे गेला की पडदा त्याच्यासोबत वर सरकतो, आणि खाली राहिलेला साथीदार शत्रूच्या गोळीने नाही, पडद्याच्या खालच्या कडेने मरतो. त्या टप्प्यावर आमची सगळ्यात जास्त भांडणं झाली आणि ‘थांब रे, मी येतोय’ हे वाक्य आम्ही तिथेच सगळ्यात जास्त वापरलं.

वारसा म्हणजे काय

निन्टेंडोने फॅमिकॉमचं उत्पादन २००३ मध्ये थांबवलं. आमच्याकडे तोवर सायबर कॅफे आले होते, मग प्लेस्टेशनची दुकानं, मग मोबाईल. आता प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा आहे. दुसरा खेळाडू जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला असू शकतो, फक्त शेजारचा असायची गरज उरलेली नाही.

धुळ्याहून सुमारे ५० किलोमीटरवर मालेगाव. तिथे नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ बनवला. हिंदी सिनेमाची नक्कल, गावच्या बोलीत, गावच्या माणसांना घेऊन. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने ते जगाला दाखवलं आणि २०२५ मध्ये त्यावर मोठा हिंदी सिनेमाही आला. एकेकाळी हसण्यावारी नेलेली ती नक्कल आज सांस्कृतिक इतिहास म्हणून मान्य झाली आहे. कारण कुणीतरी जाऊन विचारलं, चित्रण केलं, नोंद ठेवली.

तशी नोंद या यंत्राचीही ठेवता येईल. त्यासाठी संग्रहालय नको, निधी नको. ज्यांनी भाड्याची दुकानं चालवली ते आज साठीत आहेत. ज्यांनी यंत्रं दुरुस्त केली ते पन्नाशीत. ज्या दुपारी खेळल्या त्या आता स्वतःच्या मुलांवर मोबाईलसाठी ओरडत असतील. त्यांना विचारायला हवं : कुणासोबत खेळलात? कुणाच्या घरी? तो शेजारी आता कुठे असतो?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला वेळ लागेल. पण खानदेशाच्या कोऱ्या पानांपैकी निदान एक पान त्या उत्तरांनी भरेल.